एन्सेम्बलच्या पश्चात

पत्र: मी ४१ वर्षांचा, सांगलीत असतो. आम्ही चौघे मित्र २००२ पासून एज ऑफ एम्पायर्स २ हा कॉम्प्युटरवरचा युद्धाचा गेम खेळतोय. आधी कॅफेत, आता दर शनिवारी रात्री आपापल्या घरून. गेल्या वर्षी मी आणि आणखी एकाने त्याची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, घेतली. तिसऱ्याला एज ऑफ एम्पायर्स ४ हवाय. चौथा, म्हणजे ज्याच्या सीडीवर आम्ही सगळे शिकलो तो, म्हणतो की मूळ गेम बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ बंद पडला तेव्हाच हा गेम संपला, आता उरलेत ते नाव विकून खाणारे. मला ग्रुपवर 'फितूर' म्हणतो. आधी गमतीत म्हणायचा, आता गंमत राहिलेली नाही. त्यात थ्री किंगडम्स ही पुरवणी आल्यावर मलाही वाटू लागलंय की त्याचंच बरोबर असावं. माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. शनिवार बंद पडल्यातच जमा आहे. एकनिष्ठ राहायचं तर नेमकं कोणाशी? – चौघांपैकी एक

उत्तर:

फितूर हा शब्द आपल्याकडे जपून वापरायचा असतो. तेव्हा आधी फितुरी नक्की कोणी केली, ते तारखांनिशी पाहू.

डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने पहिला एज ऑफ एम्पायर्स १९९७ मध्ये काढला, दुसरा १९९९ मध्ये आणि त्याची काँकरर्स ही पुरवणी २००० मध्ये. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा स्टुडिओ विकत घेतला आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये तो बंद करणार असल्याचं जाहीर केलं. हेलो वॉर्सचं काम संपवून २००९ च्या जानेवारीत दिवे मालवले गेले. तुमच्या मित्राचा राग इथवर रास्त आहे. चालत्या स्टुडिओला कुलूप मालकाने लावलं, खेळणाऱ्यांनी नाही.

पण त्याची गोष्ट पुढे अडखळते. सगळ्यात मोठा बदल एन्सेम्बलने स्वतःच, जिवंतपणी केला होता. २००५ चा एज ऑफ एम्पायर्स ३ आठवा. व्हिलेजर, म्हणजे राबणारा गावकरी, लाकूड तोडतो, पण ते आणून टाकायला कॅम्पच लागत नाही. वर होम सिटीची, म्हणजे मायदेशातल्या शहराची, पत्ती येते आणि आयता माल किनाऱ्यावर उतरतो. ज्यांना दोनचं वेड होतं त्यांच्यातले कितीतरी जण तिथून मागे फिरले, आणि डब्यावर नाव तर एन्सेम्बलचंच होतं. एन्सेम्बलचा कारभार चालू असतानाच, २००७ मध्ये, एशियन डायनॅस्टीज ही तीनची पुरवणी बिग ह्यूज गेम्सला सोबत घेऊन झाली. भारतीय सिव्हिलायझेशन, म्हणजे खेळायला निवडायचा संघ, या मालिकेत पहिल्यांदा आली ती तिथेच.

उलट बाजूही बघा. एन्सेम्बल बंद पडल्यावर तिथल्याच काही मंडळींनी रोबोट एंटरटेनमेंट काढलं आणि एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइनची सुरुवात केली. नंतर ते काम गॅस पॉवर्ड गेम्सकडे गेलं. २०११ मध्ये गेम आला आणि २०१४ च्या जुलैमध्ये सर्व्हरच बंद झाले. आज तो खेळता येतो तो चाहत्यांनी उभ्या केलेल्या प्रोजेक्ट सेलेस्टमुळे. म्हणजे जुनी माणसं हातात असूनही गेम बुडतो, आणि कुणाच्या पगारावर नसलेली माणसं तो वर काढतात.

आता मुद्द्याचं. तुम्ही घेतलेली डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे डीई, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आली. ती बनवणाऱ्यांत मुख्य नाव फरगॉटन एम्पायर्सचं. हे कोण? काँकरर्सवर फुकट मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेले फेरबदल, बनवणारी चाहत्यांची टोळी. २०१२ च्या अखेरीस त्यांनी नव्या सिव्हिलायझेशन घालून मॉड सोडला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो एचडी एडिशनची अधिकृत पुरवणी म्हणून विकायला घेतला, आणि पोरांचा स्टुडिओ झाला. तुमचा मित्र आज ज्या हट्टाने सीडी जपतो, तोच हट्ट करणारी ही माणसं. त्यांना नाव विकून खाणारे म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग तोच शिक्का स्वतःच्या कपाळावरही मारून घ्यावा लागेल.

म्हणून स्टुडिओचं नाव हा निष्ठा मोजायचा काटा म्हणून फार कच्चा आहे. फुटबॉलवाल्यांकडे याच्या अगदी उलटं झालं. २०२३ मध्ये फिफा हे नाव गेलं, ईए स्पोर्ट्स एफसी आलं, बनवणारे तेच राहिले. तुमच्याकडे नाव तेच राहिलं आणि हात बदलले. दोन्हीकडे विचारायचं एकच: मला यातलं नेमकं काय आवडतं, आणि ते अजून आहे का?

चौघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन-तीन गोष्टी लिहा. 'मजा येते' किंवा 'जुना फील' चालणार नाही, तपासता येईल असं लिहा. 'डुक्कर टाउन सेंटरला (वस्तीच्या मुख्य इमारतीपाशी) ओढत आणायची धाकधूक' चालेल. 'ब्लॅक फॉरेस्टमध्ये भिंत घालून तासभर ट्रेबुशे (लांबून दगड फेकणारी यंत्रं) जमवणं' हेही चालेल. मग त्या त्या गोष्टीची डीईमध्ये परीक्षा घ्या. पहिली परीक्षा आम्हीच घालून देतो, कारण सीडीवाल्यांची बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

डार्क एज या पहिल्या युगापासूनची पहिली दहा मिनिटं घ्या. सुरुवातीला ३ व्हिलेजर, १ स्काउट, २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. व्हिलेजर ५० अन्नाला आणि २५ सेकंदांत. घर सीडीत ३० लाकडाला, डीईमध्ये २५ ला, माणसं पाच. मेंढी १०० अन्नाची, हरीण १४० चं, डुक्कर ३४० चं. पुढच्या फ्यूडल युगात जायला ५०० अन्न आणि १३० सेकंद, त्यानंतरच्या कॅसलला ८०० अन्न आणि २०० सोनं. हे आकडे तुम्हाला पाठ असतील आणि घर सोडलं तर डीईमध्ये ते जसेच्या तसे आहेत. व्हिलेजरचा जीव २५, लूम ही सुधारणा केली की ४०, त्यामुळे लूम न करता डुक्कर ओढायला गेलात तर आजही माणूस तितक्याच सहज मरतो.

मग 'फास्ट वाटतं', 'हाताला लागत नाही' ही तक्रार का येते? दोन कारणं, आणि दोन्ही दुरुस्त होतात.

एक, वेग. वर दिलेले सेकंद गेमच्या घड्याळाचे आहेत, भिंतीवरच्या नाहीत. सीडीच्या गेममध्ये नॉर्मल म्हणजे १.५ पट, डीईमध्ये नॉर्मल म्हणजे १.७ पट. पहिल्या २०० अन्नातून चार व्हिलेजर निघायला गेमचे १०० सेकंद लागतात. जुन्या वेगाने ते भिंतीवरच्या घड्याळात ६७ सेकंद होतात, नव्याने ५९. मिनिटाभरात आठ सेकंद कापले गेले तर वीस वर्षं मुरलेला हात गोंधळणारच. लॉबीत, म्हणजे मॅच सुरू होण्याआधीच्या पडद्यावर, वेग कॅज्युअल करा. तो १.५ च आहे. नाव ऐकून कुणाचा अपमान होत असेल तर होऊ द्या.

दोन, हॉटकी, म्हणजे हुकूम देणाऱ्या कीबोर्डच्या कळा. जुन्या गेममध्ये टाउन सेंटरला 'एच' आणि व्हिलेजरला 'सी'. डीईची आयती मांडणी कीबोर्डच्या चौकटीप्रमाणे असल्याने व्हिलेजर 'क्यू'वर गेला आहे. मित्र 'सी' दाबत बसतो, टाउन सेंटर रिकामं राहतं, फ्यूडल लांबतं, आणि खापर फुटतं नव्या स्टुडिओवर. ऑप्शन्समध्ये हॉटकीच्या पडद्यावर त्याच्या सवयीच्या कळा लावून द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ते त्याच्या शेजारी बसून करा, फोनवरून नको.

याचा अर्थ काहीच बदललं नाही असा नाही. काँकरर्सच्या १८ सिव्हिलायझेशनच्या आता पन्नासच्या वर झाल्यात. स्काउट स्वतःहून नकाशा फिरतो, शेत स्वतःहून पुन्हा पेरलं जातं. ज्याला दर शेताला माउस न्यायची सवयच प्यारी आहे, त्याला हे फुकट दिल्यासारखं वाटेल. त्याला उपाय घरच्या नियमांचा: शनिवारी फक्त जुन्या १८, ऑटो-स्काउट बंद, लोकसंख्या २००, वेग १.५. कॉम्प्युटरविरुद्ध खेळणार असाल तर एआयचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या डोक्याचा, प्रकारही ठरवून घ्या. जुन्या सीडीतला एआय अवघड पातळीवर आयता माल घेऊन खोटं खेळायचा. डीईचा नवा एआय तसं करत नाही आणि तरीही हरवतो. सीडीवाल्या मित्राला पहिल्याच शनिवारी त्याच्या एक्स्ट्रीम पातळीसमोर उभं करू नका, पुन्हा यायचा नाही.

थ्री किंगडम्सबद्दल तुमचा राग आम्हाला पटतो. २०२५ च्या मे महिन्यात आलेल्या या पुरवणीत पाच सिव्हिलायझेशन आहेत. जुरचेन आणि खितान मध्ययुगात नीट बसतात. वेई, शू आणि वू मात्र तिसऱ्या शतकातली चिनी राज्यं, म्हणजे हूण राजा अटिलाच्याही दोनशे वर्षं आधीची, आणि त्यांना साध्या मॅचमध्येही नायक दिलेत. एकट्याने फळी फोडणारा नायक या गेमच्या मूळ रीतीत कधीच नव्हता, तो फक्त मोहिमांत असायचा. इथे हात खरोखर घसरला, असं आमचं मत. पण ते विकत घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. तुमच्याकडे पुरवणी नसेल तर तुम्हाला त्या सिव्हिलायझेशन निवडता येत नाहीत, एवढंच. बाकी गेम चालतो. अनोळखी लोकांशी खेळलात तर समोरून त्या येऊ शकतात, घरच्या लॉबीत नाही.

आणि याच हातांनी २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया केलं, हेही त्याच वहीत लिहून ठेवा. 'इंडियन्स' नावाचं एकच गाठोडं सोडून हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे चार संघ केले, राजेंद्र चोळाची मोहीम दिली, भिंती-दरवाजे फोडणाऱ्या रॅम या ओंडक्याच्या जागी चिलखती हत्ती आणला. मराठे अजूनही वेगळे नाहीत, ती तक्रार आहेच. पुरवणी कुठलीही असो, पहिल्या दिवशी घेऊ नका. मोठ्या पॅचनंतर, म्हणजे गेमच्या दुरुस्तीनंतर, सैन्य दाराशी अडकणं, व्हिलेजर भलत्या वाटेने जाणं असे प्रकार होतात आणि पुढच्या एक-दोन पॅचमध्ये निस्तरले जातात. महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही.

आता तुमच्या तिसऱ्या मित्राचा चौथा भाग. एज ऑफ एम्पायर्स ४ रेलिकने बनवला, व्हँकुव्हरचा स्टुडिओ, कंपनी ऑफ हीरोज आणि डॉन ऑफ वॉर करणारा. आला २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. रेलिकचा हात त्यात जागोजागी दिसतो: सैनिक भिंतीवर चढून लढतात, झाडीत दबा धरता येतो, पुढच्या युगात जायला टाउन सेंटरमध्ये बटण दाबायचं नाही तर लँडमार्क ही खास इमारत बांधायची. दिल्ली सल्तनत सुरुवातीपासून आहे आणि तिचं संशोधन फुकट पण सावकाश चालतं, स्कॉलर बसवले की वेग धरतं. गेम चांगला आहे. पण तो दोनचं नवं रूप म्हणून घ्याल तर पहिल्याच रात्री चिडाल. सुरुवातीला मॅप एडिटरसुद्धा नव्हता, तो २०२२ मध्ये आला. नव्या हातातला गेम पहिल्या दिवशी अपुरा असणं ही बहुतेकदाची गत, म्हणून उशिरा आलेल्याला तो जास्त पुरा मिळतो.

पैसे घालण्याआधी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या परताव्याचा उपयोग परीक्षेसारखा करा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. डाउनलोडचा वेळ धरत नाहीत, पण गेम उघडून मेनूत रेंगाळलात तर तो वेळ धरतात. म्हणून गेम उघडायच्या आधीच ठरवा. मोहीम लावू नका, तिच्यातल्या चित्रफितींतच अर्धा तास जातो. आधी १५ मिनिटं सेटिंग आणि कळा, मग कॉम्प्युटरविरुद्ध पाऊण तासाची एक मॅच, मग मित्राबरोबर एक. पाऊणे दोन तासांवर थांबा आणि कागदावरच्या तीन गोष्टी जुळवून बघा.

तुमच्या लॅपटॉपवर मात्र चौथा भाग विसरा. त्याला किमान ८ जीबी रॅम आणि ५० जीबी जागा लागते. डीई कागदोपत्री ४ जीबीवर चालते, पण विंडोजच त्यातलं निम्मं खाऊन बसतं, आणि याचा त्रास तुमच्या एकट्यापुरता राहत नाही. हा गेम नेटवर्कवरून सैन्याची चित्रं पाठवत नाही, फक्त हुकूम पाठवतो. 'हे वीस तिरंदाज तिकडे' एवढाच निरोप जातो आणि पुढची लढाई चारही मशीन आपापल्या जागी, तंतोतंत सारखी मोजतात. सगळ्यांनी एका पावलाने चालायचं असल्यामुळे सगळ्यात हळू मशीन बाकी तिघांना आपल्या वेगाला आणतं. एन्सेम्बलने ही रीत डायल-अप मॉडेमच्या काळात बसवली आणि ती आजही टिकून आहे. यातूनच बाकीच्या कटकटी समजतात. एकाकडे पॅच वेगळा किंवा डेटा मॉड, म्हणजे आकडे बदलणारा मॉड, वेगळा असला तर मोजणी वेगळी येते आणि 'आउट ऑफ सिंक' होऊन गेम मोडतो. जुन्या मॅचची रेकॉर्डिंग नव्या पॅचवर नीट चालत नाही, कारण त्यातही फक्त हुकूमच साठवलेले असतात. छोटी झाडं दाखवणारे नुसते दिसण्याचे मॉड मात्र ज्याने त्याने लावावेत, त्यांनी काही बिघडत नाही.

तेव्हा पुरवणीवर खर्च करण्याआधी रॅम वाढवा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. वेग १६०० च्या आसपास असेल तर डीडीआर३, २१३३ किंवा वर असेल तर डीडीआर४. हे लिहून दुकानात न्या, दोघांचे खाचे वेगळे असतात. ८ जीबी झाले, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली, की बघा. स्टीमवर एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅकची खूण काढून टाका, जुन्या मशीनवर त्याने नुसती जागा जाते. गेममध्येच बेंचमार्क चाचणी आहे, तिचा आकडा १००० च्या वर आला तर बाकीचे तुम्हाला शिव्या देणार नाहीत. तोवर लोकसंख्या २०० ऐवजी १५० ठेवा. आणि एकाच खात्यावर दोघांनी एका वेळी खेळायचा विचार मनात असेल तर सोडा, एका प्रतीवर एका वेळी एकच जण.

राहिला सीडीवाला. त्याला डीईवर ओढून आणणं हे तुमचं ध्येय नको. सीडीचा गेम आणि डीई एकमेकांशी जोडता येत नाहीत, म्हणून तडजोड शनिवारांची करा: तीन शनिवार डीई, एक शनिवार सीडी, आणि तो त्याच्या घरी, सगळे एका खोलीत. त्याच्या निष्ठेला मान द्यायचा तर तिच्यासाठी थोडं अंग मोडावं लागेल. जुन्या सीडीचं कॉपी-संरक्षण विंडोज १० वर चालतच नाही. त्याला लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी काढून टाकला आहे. त्यावर इंटरनेटवरून कुठलीतरी फाइल उचलून चिकटवू नका, गेमबरोबर व्हायरस घरात येतो. चौघांच्या माळ्यांवरून विंडोज एक्सपीवाली दोन-तीन डबडी निघतीलच. ती आणा, त्यांना इंटरनेट देऊ नका, फक्त एका राउटरला केबलने जोडा. सगळीकडे काँकरर्सचा १.०सी पॅच हवा. लॉबी दिसत नसेल तर पहिला संशय फायरवॉलवर घ्या: ४७६२४ आणि २३०० ते २४०० हे पोर्ट मोकळे हवेत. तरीही जमलं नाही तर मशीनमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड किंवा वायफाय चालू आहे का पाहा. गेमची जोडणी सांभाळणारं डायरेक्टप्ले चुकीचं कार्ड धरून बसतं, नको ते बंद करा. विंडोज ७ वर गवत जांभळं-लाल दिसलं तर घाबरू नका. गेम २५६ रंगांचा आहे आणि डेस्कटॉप त्याचे रंग पळवतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून गेम लावला की हिरवं होतं. त्या मशीनवर कोणी बनवलेले नकाशे असतील तर .एससीएक्स फाइल त्याच रात्री पेनड्राइव्हवर उतरवा. तेवीस वर्षांची हार्ड डिस्क कुणाशीच एकनिष्ठ नसते.

'फितूर'चं उत्तर ग्रुपवर देऊ नका, तिथे बाकी दोघे प्रेक्षक होतात आणि त्याला माघार घेता येत नाही. फोन करा आणि सीडीचा पहिला शनिवार कधी ठेवायचा ते त्यालाच विचारा. जागा त्याची, नियम त्याचे, नकाशाही त्यानेच निवडावा. त्या रात्री डीईचं नाव काढू नका. आणि सगळे केबल लावून तयार असताना तो रंग निवडत लॉबीत बसून राहिलाच, तर चॅटमध्ये १४ टाका, 'गेम सुरू कर की' असं ओरडणारा गेममधला टोमणा. तो आवाज अजून तोच आहे.